सैनिकांच्या जिल्ह्यात युद्धविरोध कुठून यायचा?

माणगंगा

व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर आले. १५ फेब्रुवारी २००३ ला, इराकवर हल्ला व्हायच्या आधी, जगभरातल्या शेकडो शहरांत एकाच दिवशी मोर्चे निघाले. आपल्या सातारा-सांगलीत भावकीत एक तरी फौजी निघतोच. लढाईची झळ पहिल्यांदा बसते ती आपल्यासारख्यांच्या दारात. मग 'युद्ध नको' असं म्हणणारं काही आपल्याकडे कधी उभं राहिलं का? नसेल, तर का नाही?

मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते, त्यामुळे थोडं मास्तरी होईल, चालवून घ्या.

युद्धविरोध म्हटलं की लगेच अशोकाचं नाव येतं. तेराव्या शिलालेखात एक लाख मारले गेले, दीड लाख पकडून नेले, असं तो स्वतःच सांगतो. पण हा पश्चात्ताप राजाचा, आणि तोही जिंकून झाल्यावर. त्यात खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनाच तो वाचायला मिळाला नाही! याला चळवळ म्हणता येत नाही.

चळवळ म्हणजे साध्या माणसांनी एकत्र येऊन राज्यकर्त्याला तोंडावर नाही म्हणणं. इंग्लंडमधले क्वेकर १६६० च्या सुमारास हे करत होते. आम्ही कोणत्याही कारणासाठी शस्त्र धरणार नाही, असं त्यांनी चार्ल्स राजाला लेखी कळवलं आणि त्यापायी तुरुंगही भोगले. तरी तो एका पंथाचा धर्म होता. पंथाबाहेरच्या लोकांनाही सामील करून घेणाऱ्या 'शांतता सभा' निघाल्या त्या न्यूयॉर्कला १८१५ मध्ये आणि लंडनला १८१६ मध्ये. तारखा बघा. नेपोलियनची युद्धं नुकती संपली होती, युरोप वीसेक वर्षं लढून दमला होता, आणि व्यापारी लोक करांनी पिचले होते.

पण माझ्या मते खरी कलाटणी त्याआधीची, १७९३ ची. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने सक्तीची भरती सुरू केली. तोवर युद्ध राजाचं आणि पगारी शिपायांचं होतं. आता सरकार घराघरात येऊन मुलगा मागू लागलं. मुलगा मागितला की घराला उत्तर द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये १९१६ ला सक्तीचा कायदा आला आणि सुमारे १६,००० जणांनी सदसद्विवेकाचं कारण देऊन नकार दिला. त्यातल्या ३५ जणांना मृत्युदंडाची शिक्षा सुनावली होती, ती नंतर बदलली. अमेरिकेत व्हिएतनामचा विरोध पेटला तो सक्तीच्या भरतीमुळे, आणि १९७३ मध्ये ती थांबल्यावर कॉलेजंही थंडावली.

हा विरोध नेहमी उदात्तच असतो असंही नाही. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कला भरतीविरुद्ध दंगल झाली, कारण ३०० डॉलर भरले की श्रीमंताच्या पोराला सूट मिळत होती. कारण अगदी रास्त होतं. पण जमावाने राग काढला तो काळ्या लोकांवर, त्यांना गाठून मारलं, अनाथाश्रम जाळला.

तर माझं गणित असं: सक्ती असेल तिथे युद्धविरोध. भारतात सक्तीची भरती कधी झाली नाही, म्हणून आपल्याकडे चळवळ नाही. हे गणित कुठे फसतंय ते सांगा.

हळद_बाजार

रुमाल टाकून ठेवतो. ताई, कलिंगापासून निघून न्यूयॉर्कला पोचलात, वाटेत चहासुद्धा नाही.

निवृत्त_सुभेदार

नमस्कार मॅडम. मी कराड तालुक्यातला. पलटणीचं नाव सांगत नाही.

तुमचं सक्तीचं बरोबर आहे, पण अर्धंच. आमच्याकडं सक्तीची गरजच पडली नाही. माण-खटावला पाऊस कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस नाही पडला तरी पगार पडतो, म्हणून माणसं भरती झाली. त्यात शौर्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण माझा आजा बसऱ्याला गेला तो जर्मनांवर राग होता म्हणून नाही. जर्मन कोण हे त्याला कुठं माहीत होतं! आमच्या जिल्ह्यात अपशिंगे आहे, 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. ते गाव आजही फौजेत जातं. मग तिथं जाऊन युद्धविरोध कोणाला सांगायचा?

दुसरी गोष्ट. मी श्रीलंकेत होतो. शांतिसेना म्हणत होते आम्हाला. १९८७ ते १९९० या काळात आपले १,१०० हून जास्त जवान तिथं गेले. ही लढाई कशासाठी, हे आमच्या तालुक्यात कोणी विचारलं नाही. शेवटच्या तुकड्या मार्च १९९० मध्ये मद्रासला उतरल्या तेव्हा तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. मला त्याचा राग आला. अजून आहे. पण रात्री झोप येत नाही तेव्हा मनात येतं, निदान तिकडं कुणीतरी विचारलं तरी. इकडं आमच्या पेट्या आल्या, बंदुकीची सलामी झाली, हार पडले. कशासाठी ते कुणी काढलंच नाही.

शेणोली_स्टेशन

सुभेदारसाहेब, नमस्कार. ताई, तुमचं गणित फसतंय ते 'भारतात सक्ती नव्हती' इथे. कायदा नव्हता. सक्ती होती.

पहिल्या महायुद्धात पंजाबात लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायरच्या राज्यात तहसीलवार माणसांचा आकडा ठरवून द्यायचे, आणि तो भरायला लंबरदार, जैलदार (गावाचे आणि गावगटाचे सरकारमान्य प्रमुख) वाट्टेल ते करायचे. १९१९ ला पंजाब का पेटला हे बघताना रौलट कायद्यासोबत हेही बघावं लागतं. मणिपूरच्या डोंगरात तर उघड लढाई झाली. फ्रान्सला हमाल-मजूर पाठवायचे म्हणून सरकारने कुकी गावांकडे माणसं मागितली, त्यांनी दिली नाहीत, आणि १९१७ च्या अखेरीपासून १९१९ पर्यंत ते इंग्रजांशी झुंजले. १९१७ मध्येच ओरिसात मयूरभंजला संथाळांनी याच मजूरभरतीविरुद्ध उठाव केला. तुमच्या व्याख्येत हे बसतं की नाही? सरकारने घरात येऊन मुलगा मागितला आणि घराने नाही म्हटलं. फक्त त्यांच्या हातात फलक नव्हते, तोड्याच्या बंदुका आणि धनुष्यबाण होते, म्हणून आपण त्याला 'बंड' म्हणतो.

आणि खेडा! १९१८ च्या उन्हाळ्यात गांधीजी स्वतः इंग्रजांसाठी भरती करायला गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात फिरले. अहिंसेचा माणूस रंगरूट गोळा करतोय. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच तिथल्या शेतकऱ्यांनी साराबंदीच्या सत्याग्रहात त्यांना डोक्यावर घेतलं होतं, गाड्या फुकट दिल्या होत्या. भरतीच्या दौऱ्यात भाड्यानेसुद्धा गाडी मिळेना, हे गांधीजींनीच लिहून ठेवलंय. लोकांनी भाषण केलं नाही, ठराव केला नाही, गाडी दिली नाही. माझ्या लेखी हिंदुस्थानातला सगळ्यात नेमका युद्धविरोध हाच. त्याचा पुढारी कोणी नाही.

वाईकर

वर लंडन, न्यूयॉर्क, मणिपूर झालं. आमच्या वाईबद्दल दोन शब्द.

भारतात 'युद्धाला मदत करणार नाही' हे वाक्य उच्चारणं हाच सत्याग्रह ठरला तो १७ ऑक्टोबर १९४० ला, पवनारला. पहिले सत्याग्रही विनोबा, दुसरे नेहरू. माणसांनी किंवा पैशाने ब्रिटिशांच्या युद्धाला साहाय्य करणं चूक आहे, युद्धाचा प्रतिकार अहिंसेनेच करायचा, असं जाहीर बोलायचं आणि अटक करून घ्यायची. सुमारे २५,००० लोक या पद्धतीने तुरुंगात गेले. 'ना एक पाई, ना एक भाई' ही त्या काळातली घोषणा अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल.

आता गंमत. विनोबा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकले. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. तर्कतीर्थ पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर गेले, आणि रॉय यांचा पक्ष युद्धाला पाठिंबा द्या म्हणत होता. हिटलर जिंकला तर स्वातंत्र्य वगैरे विसरा, हा त्यांचा युक्तिवाद. एका पाठशाळेतून दोन टोकं निघाली. म्हणून युद्धविरोधक शहाणे आणि बाकीचे युद्धखोर अशी वाटणी करू नये, एवढंच.

माणगंगा

शेणोली, कुकी आणि मयूरभंजबद्दल आभार, हे वर्गात नक्की सांगणार. खेडा जिल्ह्याचा दाखला तर लाखमोलाचा.

वाईकर काका, १९४० पर्यंत ठीक. मग १९४२ चं काय म्हणायचं? ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. त्याआधी तासगावचा मोर्चा. मग प्रतिसरकार. हे सगळं महायुद्ध ऐन भरात असताना चाललं होतं. सरकारला युद्धनिधी हवा, धान्य हवं, रंगरूट हवेत, आणि इथली गावं सरकारचा अंमलच मानत नाहीत. याला युद्धविरोध म्हणायचं की नाही?

वाईकर

नाही म्हणायचं. पत्री सरकारने तुफान सेना उभारली, हत्यारं जमवली, रेल्वेगाड्या लुटल्या. (त्यातली एक शेणोलीलाच, त्यामुळे ते नाव घेतलेल्या सदस्याला हे सांगायला नकोच!) नाना पाटलांना शांततावादी म्हणाल तर ते स्वर्गातून काठी घेऊन येतील. त्यांचा विरोध युद्धाला नव्हता, या सरकारच्या युद्धाला होता.

याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे यशवंतराव. देवराष्ट्र्याचे, तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली. १९४२ ला भूमिगत राहून इंग्रज सरकारच्या मागे लागलेला हा माणूस. रॉय यांच्या विचारांची ओढ होती, पण युद्धाला पाठिंबा द्यायच्या प्रश्नावर त्यांच्यापासून दूर झाला. आणि २० वर्षांनी, चीनने दणका दिल्यावर, तोच माणूस देशाचा संरक्षणमंत्री! 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' आपण अभिमानाने म्हणतो. यात मला विसंगती दिसत नाही. साताऱ्याने 'युद्ध नको' कधीच म्हटलं नाही. 'तुमचं युद्ध आमचं नाही' असं म्हटलं.

त्याच सुमारास खरा शांततावादी कोण होता? शंकरराव देव. १९६३ मध्ये त्यांनी दिल्लीहून पेकिंगला पायी मैत्रीयात्रा काढली. चीनने आत घेतलं नाही, आणि इथे लोकांनी शिव्या घातल्या. पराभवाची जखम ओली असताना मैत्री कोण ऐकून घेणार? आज त्यांचं नाव साताऱ्यात किती जणांना माहीत आहे?

कॅम्पातला

वाचतोय सकाळपासून. एक कोपरा राहिलाय.

'युद्धाला नाही म्हणा' हे म्हणायला आधी तुम्हाला युद्धात घेतलं पाहिजे. महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली. लढाऊ जात-बिगर लढाऊ जात असलं काहीतरी शास्त्र काढून. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत असलेली घरं एका फटक्यात गावकीत ढकलली गेली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले ते 'आम्हाला लढायला घ्या' म्हणून. १९१७ ला माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. काम झालं, जा घरी. मग थेट १९४१ ची महार रेजिमेंट.

बाबासाहेबांचे वडील सुभेदार. फौजेत शाळा होती, म्हणून घरात अक्षर आलं. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भीमराव दाखल झाले त्यामागे ती पलटण आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी स्पष्ट भूमिका घेतली की नाझींचा पराभव झाला पाहिजे, आणि १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. काँग्रेसवाल्यांनी त्याबद्दल काय काय बोलून घेतलं सगळ्यांना माहीत आहे.

त्यामुळे ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर: ज्याला गणवेशाने पहिल्यांदा माणूस म्हणून उभं केलं, तो गणवेशाविरुद्ध मोर्चा काढत नाही. अमेरिकेतही काळ्यांनी आधी लढण्याचा हक्क मागितला. मुहम्मद अली १९६७ ला व्हिएतनामच्या भरतीला नाही म्हणाला, तोवर त्याच्या आधीच्या पिढ्या दोन महायुद्धं लढून आल्या होत्या आणि घरी परतून बसमध्ये मागच्या बाकावरच बसत होत्या. नाही म्हणायची ताकद त्या अनुभवातून आली.

हळद_बाजार

कॅम्पातला, तुमच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. धागा वर आणतो.

पण लाल बावट्याचं कुणी काढलं नाही अजून. युद्ध साम्राज्यवादी आहे म्हणून संप, आणि रशियावर हल्ला झाला की तेच युद्ध रातोरात 'लोकयुद्ध'. आमच्या मार्केट यार्डात भावसुद्धा इतक्या पटकन फिरत नाहीत.

घाटावरची

हळदभाऊ, टोमणा पोचला. पण संपाबद्दल नीट सांगा ना मग. २ ऑक्टोबर १९३९, मुंबई. युद्ध सुरू होऊन महिना झाला होता. सुमारे ९०,००० कामगारांनी एक दिवस काम बंद ठेवलं, मागणी पगाराची नव्हती, युद्धाच्या विरोधात. जगात इतक्या लवकर असा संप दुसरीकडे झाल्याचं मला तरी माहीत नाही. आणि हे ९०,००० कोण? गिरणगावात कोकणाखालोखाल सातारा-कोल्हापूरचेच तर होते. माझे पणजोबा पाटणहून गेलेले. एक भाऊ पलटणीत आणि एक भाऊ साच्यावर, अशी कितीतरी घरं. म्हणजे माणगंगाताईंच्या प्रश्नाचं उत्तर सातारच्या मातीत शोधण्यापेक्षा परळ-लालबागच्या चाळीत शोधावं लागेल. गावात फौजीच्या घराने 'युद्ध नको' म्हणणं अवघड. मुंबईत तोच माणूस युनियनमध्ये होता, शेजारी दहा जिल्ह्यांचे लोक होते, गेटवर सभा होत होत्या. तिथे म्हणता आलं.

पलटी मारली, मारली. अण्णाभाऊ वाटेगावचे, आपल्याच वाळवा तालुक्यातले. युद्ध चालू असतानाच त्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला. म्हणजे इकडे वाळव्यात प्रतिसरकार इंग्रजांना सळो की पळो करतंय आणि वाळव्याचाच शाहीर मुंबईत लाल सेनेची लढाई गातोय. दोघंही खरे होते.

आणि पलटी फक्त आमच्याच लोकांनी मारली का? १९०७ ला श्टुटगार्टला, १९१२ ला बासेलला युरोपातल्या समाजवादी पक्षांनी ठराव केले होते, युद्ध थांबवायला जे करता येईल ते करू. ३१ जुलै १९१४ ला युद्धाला विरोध करणारा फ्रेंच समाजवादी पुढारी जाँ झोरेस याला पॅरिसच्या एका खानावळीत गोळी घातली. ४ ऑगस्टला जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या समाजवादी पक्षाने युद्धखर्चाच्या बाजूने मत दिलं. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा मतदान झालं तेव्हा 'नाही' म्हणणारा लीबक्नेख्त एकटा होता. लाखो सभासदांचा पक्ष, आणि एक मत. त्यामानाने मुंबईच्या गिरणीवाल्यांनी दिवसभर तरी तग धरला.

बायकांचं कोणीच बोललं नाही म्हणून जाता जाता. एप्रिल १९१५ मध्ये, एकीकडे खंदकात माणसं मरत असताना, हजाराहून जास्त बायका हेगला जमल्या, एकमेकांच्या शत्रूदेशांतल्या बायकाही एकाच सभागृहात. अध्यक्ष अमेरिकेतल्या समाजसेविका जेन ॲडम्स. त्यातल्या बऱ्याच जणींनी आधी मताधिकाराची चळवळ केली होती. सभा भरवणं, पत्रकं काढणं, पोलिसांना तोंड देणं हे सगळं तिथे शिकून झालं होतं, ते युद्धविरोधात कामाला आलं. क्वेकर लोकांचंही तेच, गुलामगिरीविरुद्ध काम केलेली माणसं. युद्धविरोधी चळवळ शून्यातून उगवत नाही, आधीच्या कुठल्यातरी चळवळीच्या पाठीवर बसून येते. आपल्याकडे फौजींच्या बायकांची अशी आधीची संघटना कधी होती का? माहेरवाशिणीला दळताना सुचलं ते तिने जात्याला सांगितलं. माझी पणजी शत्रूला नाही, भरती करणाऱ्या साहेबाला शिव्या द्यायची म्हणे.

निवृत्त_सुभेदार

ताई, माझी आजीपण. शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

नवभरती_तासगाव

सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार. मी २१ वर्षांचा, अकॅडमीत आहे. पहाटे साडेचारला उठून सोळाशे मीटर पळतो, म्हणून एवढं मोठं वाचायला रात्रच होते.

एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही सगळे म्हणताय, सरकार दारात येऊन पोरगा मागतं म्हणून लोक चिडतात. जून २०२२ ला अग्निपथ आली तेव्हा बिहारमध्ये रेल्वे जाळल्या, सिकंदराबादला गोळीबारात एक पोरगा गेला. ती पोरं कशासाठी चिडली होती? चारच वर्षं ठेवणार, त्यातले शंभरात पंचवीसच पुढं घेणार, म्हणून. म्हणजे अमेरिकेतली पोरं म्हणत होती आम्हाला नेऊ नका, आणि आमची म्हणत होती आम्हाला पूर्ण न्या. आमच्या अकॅडमीत दोन वर्षं भरती थांबली तेव्हा वय गेलेली पोरं आहेत. त्यांच्यापुढं युद्धविरोध म्हटलं तर मार खाल.

युद्ध पाहिजे असं पण कोणी म्हणत नाही आमच्यात. टीव्हीवरचे म्हणतात.

हळद_बाजार

शाब्बास पठ्ठ्या. या पोराने पहिल्या पोस्टचं गणित उलटं करून दाखवलं.

त्यावरून आठवलं. अमेरिकेत एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आपली पदकं संसदेच्या पायऱ्यांवर भिरकावून दिली, युद्ध थांबवा म्हणून. आपल्याकडेही माजी सैनिकांनी पदकं परत केलीत, २००९ पासून. कशासाठी? समान पद, समान निवृत्तिवेतन. मी यात खोडसाळपणा करत नाहीये, मागणी रास्तच होती. पण पदक परत करणं हे इतकं जहाल हत्यार आपल्याकडे पेन्शनीसाठी निघालं आणि तिकडे युद्धासाठी, हा फरक कुणीतरी नीट उलगडावा.

निवृत्त_सुभेदार

मी उलगडतो. तिकडची पोरं वर्षभरासाठी पकडून नेलेली. परतल्यावर त्यांना कॉलेज होतं, दुसरी नोकरी होती. फौज त्यांचं घर नव्हतं. आमचं आहे. घराशी भांडण होतं ते वाटणीवरून होतं, घर पाडा म्हणून कोणी भांडत नाही. पदक परत देताना आमचे लोक रडले आहेत. मी दिलं नाही.

बाकी माझ्या मनात एवढंच, की श्रीलंकेसारखं काही पुन्हा झालं तर निदान आमदार-खासदारांनी उभं राहून विचारावं. ते विचारायला फौजविरोधी व्हावं लागत नाही. तमिळनाडूने विचारलं कारण त्यांची माणसं पलीकडच्या बाजूला होती. आपली माणसं आपल्याच बाजूला असतात, म्हणून आपण विचारत नाही, असं काहीसं आहे का हे?

शेणोली_स्टेशन

सुभेदारसाहेब, तसंच आहे, आणि ते जगभर तसं आहे. विरोध उठतो तो बहुतेक वेळा मेलेल्या शत्रूंमुळे नाही, आपली माणसं कशासाठी गेली याचं उत्तर न मिळाल्यामुळे. रशियात १९८९ मध्ये सैनिकांच्या आयांनी समिती काढली. सुरुवात झाली ती बराकीतल्या छळापासून, मुलांना परत आणण्यापासून. मग १९९४ ला चेचेन्यात युद्ध सुरू झालं तेव्हा याच बाया सरळ रणभूमीवर जाऊन आपापली पोरं शोधून आणत होत्या. इस्रायलमध्ये १९९७ ला दोन हेलिकॉप्टरं आदळून ७३ सैनिक गेले, त्यानंतर चार आयांनी लेबनॉनमधून फौज मागे घ्या म्हणून चळवळ सुरू केली. मे २००० मध्ये फौज मागे आली. या बाया फौजविरोधी नव्हत्या, त्यांचीच मुलं फौजेत होती. २००३ चे प्रचंड मोर्चे इराकचं युद्ध एक दिवसही लांबवू शकले नाहीत. या चौघींच्या आंदोलनाने राजकारण हललं. गर्दी किती, यापेक्षा विचारणारा कोण, याला वजन जास्त दिसतं.

तेव्हा माणगंगाताई, सैनिकांच्या जिल्ह्यात युद्धविरोध कुठून येणार हा प्रश्न मी उलटा विचारेन. सैनिकांच्या जिल्ह्याशिवाय तो दुसरीकडून आला तर त्याला ऐकतं कोण?

वाईकर

शेणोली, हे जरा जास्त झालं. क्वेकर, हेगच्या बायका, झोरेस, विनोबा यांच्यातलं कोणीच फौजी घरातलं म्हणून ऐकलं गेलं नाही. आणि ऐकलं गेलं नाही म्हणून त्यांनी बोलू नये असंही नाही. बाकी मुद्दा मान्य.

माणगंगा

नवभरती, तुझा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, हरकत नसेल तर. भरतीला शुभेच्छा. आणि 'सक्ती' या माझ्या शब्दाला जोडून आता 'गरज' हाही लिहावा लागेल, तो वेगळा तास होईल.

एक काम करायचं मनात आहे. मुलांना आपापल्या गावचे पहिल्या महायुद्धात गेलेले लोक शोधायला लावायचे. अपशिंग्यात स्तंभ आहे, पण बाकीच्या गावांचं काय? घरात फोटो नाही, पत्र नाही. कुठे बघावं?

शेणोली_स्टेशन

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतं, फुकट आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्यांसाठी बसरा स्मारक निवडा. तिथे ४०,००० च्या वर लोकांची नोंद आहे. मूळ स्मारकाच्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. नावं फक्त अधिकाऱ्यांची. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. पण संकेतस्थळावरच्या यादीत शिपायांची नावं आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. १०३, ११०, ११७ या मराठा पलटणी तिथल्या कुट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, तिथून सुरुवात करा. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं. त्यानंतरच्या तारखा दिसल्या तर बरेचसे कैदेत गेलेले असतील.

गावांची नावं इंग्रज कारकुनाने ऐकली तशी लिहिली आहेत, त्यामुळे मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.

निवृत्त_सुभेदार

मॅडम, आजाचा थोरला भाऊ परत आला नव्हता. ११७ मराठा. नाव व्यक्तिगत निरोपात पाठवतो, पोरांना आधी ते शोधू द्या.